केळीच्या मुलुखातील निवडुंग

वसई-विरारच्या परिसराचे वाळवंटाशी नाते जोडण्याचे धाडस भूगोलाचा कोणताही अभ्यासक करणार नाही. पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर, दक्षिणेस वसईची खाडी आणि उत्तरेस वैतरणा अशा चतुःसीमेत वसलेला हा मुलूख पावसाळ्याचे चार महिने भिजत असतो आणि उरलेले आठ महिने त्या ओलाव्यावर जगत असतो. केळी, नारळ, नागवेल, मोगरा, चाफा ही येथील वाड्यांची खरी दौलत. तरीसुद्धा, जेथे पाण्याची मुबलकता आहे तेथे वाळवंटाच्या वनस्पतीला कोण विचारणार, असे समजून जो कोणी कॅमेरा गळ्यात अडकवून राजोडी-अर्नाळ्याच्या बाजूस फिरेल, त्याला एखाद्या पडीक तुकड्याच्या कडेला, जुन्या वईच्या उरलेल्या भागात किंवा वाळूच्या चढावर निवडुंगाची कोणती ना कोणती जात भेटण्याचा संभव बराच आहे. आणि नालासोपारा-विरारच्या बहुमजली इमारतींकडे त्याने मान वर करून पाहिले, तर खिडक्यांच्या लोखंडी जाळ्यांत, तुळशीच्या आणि कोरफडीच्या शेजारी, वीतभर कुंड्यांतून काटेरी गोळे उन्हाला बसलेले दिसतील. या काटेरी पाहुण्याचे छायाचित्र घ्यावे कसे, आणि ते घेताना चित्रातील कोणता भाग स्पष्ट ठेवावा व कोणता विरघळू द्यावा, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम कुळाची खातरजमा करून घेतली पाहिजे, कारण आपल्या बोलण्यात निवडुंग हे नाव दोन सर्वस्वी भिन्न घराण्यांना सरसकट दिले जाते. वईत उभा असणारा त्रिधारी निवडुंग, बोटांएवढ्या हिरव्या कांड्यांचा शेर, किल्ल्यांच्या उतारांवर फोफावणारे थोर हे सारे एरंडाच्या कुळातले. त्यांच्या अंगावर ओरखडा उठताच पांढरा चीक वाहू लागतो. खरा कॅक्टस मात्र मूळचा अमेरिका खंडाचा. ज्या दोन शतकांत वसईवर पोर्तुगीजांचा अंमल होता, म्हणजे १५३४ च्या तहापासून १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला सर करीपर्यंत, त्याच काळात अननस, काजू, पेरू, मिरची या अमेरिकेच्या वनस्पतींनी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मुक्काम ठोकला. फड्या निवडुंगही युरोपीयांच्या त्याच दर्यावर्दी दळणवळणातून हिंदुस्थानात आला. ओळखण्याची खूण सोपी आहे. कॅक्टसच्या अंगावर ठरावीक अंतराने लोकरीसारख्या लवेची लहानशी उशी असते आणि काटे, फुले व नवे फडे त्या उशीतूनच निघतात; थोराच्या अंगावर ही उशी नसते. छायाचित्रकाराच्या दृष्टीने हा भेद केवळ वनस्पतिशास्त्राचा नव्हे. पुढे सांगणार आहे त्या कलेत फोकस बसवायचा असतो तो बहुधा या उशीवरच.

फड्या निवडुंगाचा इतिहास इंग्रजी अमदानीतील व्यापारी हावेशी जोडलेला आहे. मेक्सिकोत या वनस्पतीवर पोसणाऱ्या एका किड्यापासून किरमिजी रंग काढीत आणि त्या रंगाला युरोपात मोठी किंमत येई. तो व्यवसाय आपल्याही ताब्यात यावा या इराद्याने १७९५ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यात, कलकत्त्यास, हे किडे आणविण्यात आले. आले ते मात्र दुसऱ्याच जातीचे. रंगाच्या दृष्टीने ते निकृष्ट ठरले. निवडुंगाचा फडशा पाडण्यात मात्र त्यांनी कसूर केली नाही, आणि माजलेले तण किड्यांकरवी आटोक्यात आणण्याचे जगातील पहिले यशस्वी उदाहरण, हेतू नसताना, हिंदुस्थानात घडले. पुढे दुसऱ्या एका जातीच्या निवडुंगासाठी १९२६ साली त्याच घराण्यातील आणखी एक किडा आपल्या देशात मुद्दाम आणून सोडण्यात आला. आजही एखाद्या फड्यावर कापसाचे पांढरे ठिपके चिकटल्यासारखे दिसतात, ते याच किड्यांचे मेणचट आवरण. काडीने ते किंचित चिरडले की आतून गर्द किरमिजी थेंब फुटतो. हिरव्या फड्यावरील तो एक थेंब तेवढा धारदार आणि बाकी सारे धूसर, असे चित्र कोणी घेतले तर त्यात सव्वादोनशे वर्षांहून जुनी एक हकिगत सामावलेली असेल.

आता भिंगाकडे वळू. कोणतेही भिंग एका वेळी एकाच अंतरावरील पातळी पूर्ण स्पष्ट दाखवू शकते. त्या पातळीच्या पुढेमागे स्पष्टता हळूहळू ओसरत जाते आणि जेथवर ती डोळ्याला खपते तेथवरच्या पट्ट्याला छायाचित्रकार डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. हा पट्टा रुंद करायचा की अरुंद, याची मुखत्यारी बहुतांशी भिंगातील छिद्राकडे, म्हणजे अ‍ॅपर्चरकडे असते. छिद्र मोठे तर पट्टा अरुंद, छिद्र लहान तर पट्टा रुंद. आणि छिद्राचा आकडा उलटा चालत असल्यामुळे, म्हणजे एफ १.८ हे मोठे छिद्र व एफ १६ हे लहान, नवशिक्याची पहिले काही दिवस तारांबळ उडते. ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरचे भिंग लावून एक मीटरवरील फड्यावर रोखले, तर एफ १.८ ला स्पष्टतेचा पट्टा जेमतेम ४ सेंटिमीटरचा मिळतो. तेच छिद्र एफ १६ पर्यंत मिटले तर तो ३७-३८ सेंटिमीटर होतो. जितके जवळ जाल तितका तो आक्रसतो. मॅक्रो भिंगाने वस्तू सेन्सरवर तिच्या मूळ आकाराएवढी उमटवायची ठरविली तर एफ ८ लासुद्धा सुमारे एका मिलिमीटरवर समाधान मानावे लागते, आणि निवडुंगाचा काटा त्याहून कितीतरी लांब असतो. यावर कोणी म्हणेल की छिद्र आणखी मिटावे. मिटता येते, परंतु फार बारीक छिद्रातून जाताना प्रकाश कडांशी वाकतो आणि संपूर्ण चित्राचीच धार बोथट होते. म्हणजे सारा काटा स्पष्ट मिळण्याची सोय एका चित्रात नाही; त्याचे टोक घ्यावे, मध्य घ्यावा की बूड घ्यावे, याचा निवाडा केल्यावाचून गत्यंतर नाही.

निवडक फोकस म्हणतात तो हाच निवाडा. त्याच्या योग्यायोग्यतेवर छायाचित्रकारांत एके काळी मोठे रण माजले होते. क्यूबा बेटात १८५६ साली जन्मलेल्या आणि पेशाने डॉक्टर असलेल्या पीटर हेन्री एमर्सन या गृहस्थाने १८८९ साली इंग्लंडात एक ग्रंथ लिहून असे प्रतिपादिले की, मनुष्याचा डोळा दृष्टीच्या मध्यापुरतेच स्पष्ट पाहतो, सभोवतालचे अंधुकच पाहतो, सबब निसर्गाशी इमान राखू पाहणाऱ्या छायाचित्राने मुख्य विषय तेवढा स्पष्ट ठेवून बाकीचे किंचित मऊ राहू द्यावे. शरीरशास्त्राचा त्याचा मुद्दा खोटा नव्हता. हात लांब करून अंगठ्याचे नख पाहावे. जवळजवळ तेवढेच क्षेत्र आपण एका दृष्टिक्षेपात बारकाईने पाहतो. परंतु डोळा क्षणोक्षणी हलत असतो आणि चित्रावर तो पुन्हा आपल्या मर्जीने फिरतो, ही गोष्ट एमर्सनच्या सिद्धान्तात मावत नव्हती. दोन वर्षांच्या आतच काळी किनार असलेले एक पत्रक छापून त्याने आपलीच मते मागे घेतली. असा प्रामाणिकपणा कलाक्षेत्रात विरळा.

याउलट १९३२ साली सॅन फ्रान्सिस्को येथे अन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम प्रभृतींनी जो गट स्थापिला, त्याचे नावच मोठ्या कॅमेऱ्याच्या अतिसूक्ष्म छिद्रावरून, एफ ६४ असे ठेवले होते. अगदी जवळच्या खड्यापासून क्षितिजापर्यंत सर्व काही काटेकोर दिसले पाहिजे, हा त्यांचा बाणा. यांपैकी कनिंगहॅमबाईंचे उदाहरण आपल्या विषयाला विशेष जवळचे आहे. १९२० नंतरच्या दशकात लहान मुलांच्या संगोपनामुळे त्यांना घराबाहेर पडणे जमेना. तेव्हा त्यांनी घरच्या बागेतील घायपातीसारख्या मांसल वनस्पतींवरच कॅमेरा रोखला, पानांच्या कडा आणि त्यांच्या सावल्या यांखेरीज चित्रात दुसरे काही ठेवले नाही, आणि १९२९ साली श्टुटगार्टच्या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रे मांडली गेली. घर न सोडता जगभर पोहोचण्याची ही किमया विरारच्या दोन खोल्यांच्या जागेत राहणाऱ्या आणि सकाळी लोकलच्या वेळेला बांधलेल्या हौशी छायाचित्रकाराने अवश्य लक्षात घ्यावी.

माझे स्वतःचे मत या दोन पक्षांच्या मध्ये कोठेतरी पडते, आणि ते वसईच्या निवडुंगाच्या निमित्ताने सांगण्यासारखे आहे. स्टुडिओच्या धंद्यात 'बॅकग्राऊंड आऊट झाली पाहिजे' असा एक शिरस्ता आहे. मागचे जितके अधिक पुसले जाईल तितके चित्र अधिक उंची, अशी समजूत त्यामागे असते. निवडुंगाच्या बाबतीत ही समजूत फार लबाड ठरते. मागची केळ पुसली, कौलारू पडवी पुसली, वाळत घातलेले धोतर-लुगडे पुसले, आणि तपकिरी-पिवळ्या धूसर पडद्यावर एकच काटेरी फडा उभा केला की तो अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातला म्हणून बेमालूम खपतो. पाहणारा वाहवा करतो, परंतु छायाचित्रकाराने त्या झाडाची वतनदारी हिरावून घेतलेली असते. हे झाड येथे कसे जगते, खाऱ्या वाऱ्यात, मुसळधार पावसात, केळीच्या सावलीत त्याने कसा जम बसविला, ही तर त्याची खरी कैफियत. ती चित्रातून हद्दपार करणारा निवडक फोकस मला मान्य नाही. धूसर भागानेही साक्ष दिली पाहिजे.

ही साक्ष मिळविणे छिद्राच्या आणि अंतराच्या हिशेबात असते. मागची वस्तू विषयापासून जितकी दूर तितकी ती अधिक विरघळते. फड्याच्या मागे दोन हातांवर केळीचे पान असेल आणि छिद्र एफ ४ च्या सुमारास ठेवले असेल, तर पानाची मधली शीर आणि वाऱ्याने फाटलेल्या कडा अंधुक परंतु ओळखण्याइतक्या उरतात. तेच पान वीस हातांवर गेले की हिरव्या रंगाचा निनावी डाग होतो. झाडीच्या फटींतून उन्हाचे कवडसे येत असतील तर मोठ्या छिद्राने प्रत्येक कवडशाची गोल तबकडी होते, आणि छिद्र मिटत गेले की पात्यांच्या संख्येप्रमाणे तिला कोन फुटतात. वसईच्या किल्ल्यात पडक्या चर्चच्या कमानी आहेत. कमानीचा आकार इतका ठळक असतो की तो बराच धूसर झाला तरी ओळख हरवत नाही, म्हणून अशा पार्श्वभूमीसाठी छिद्र निःशंक उघडावे. सुरूच्या बनाची गोष्ट निराळी. त्याच्या सुयांसारख्या डहाळ्यांचा जराशा धूसरपणातही गिचमीड पडदा होतो आणि निवडुंगाच्या काट्यांशी त्याची भांडणे लागतात. तेथे एकतर बन फार दूर ठेवावे, नाहीतर बाजूला सरकून समुद्राचा मोकळा पट्टा मागे घ्यावा. एक पाऊल डावीकडे वा उजवीकडे सरकण्याने जे साधते ते महागड्या भिंगाने साधत नाही, हे जुन्या छायाचित्रकारांचे म्हणणे मला अनुभवाने पटलेले आहे.

आता फडाच जवळून पाहू. तो हाताच्या तळव्यासारखा सपाट, परंतु पूर्ण सपाट नव्हे. मध्ये किंचित फुगीर, कडेला उतरता. त्याच्या पृष्ठभागावर त्या लोकरी उशा तिरप्या ओळींत मांडलेल्या असतात आणि प्रत्येक उशीतून दोनचार लांब काटे व त्यांच्या बुडाशी पिंगट कुसळांचा झुबका निघतो. कॅमेरा फड्याला समांतर धरला तर बहुतेक सर्व उशा एकाच पातळीत येतात, मोठ्या छिद्रानेही साऱ्या स्पष्ट मिळतात, आणि अंगावर रोखलेले काटे तेवढे आपल्या टोकांकडे धूसर होत जातात; चित्र नकाशासारखे होते, माहितीला उत्तम, परंतु थोडे निर्विकार. कॅमेरा तिरपा धरला की उशांच्या ओळीतील एकच उशी स्पष्टतेच्या पट्ट्यात सापडते. मग ती कोणती? माझा कौल कडेच्या उशीला, कारण तिच्या काट्यांमागे आकाश किंवा सावली असते आणि त्यांची बाह्यरेषा सुटी दिसते. सूर्य झाडाच्या मागे आणि फार वर न आलेला असेल, म्हणजे सकाळचे सात-साडेसात, तर ती कुसळे आतून पेटल्यासारखी उजळतात. मागे काळोखी पार्श्वभूमी असली तर त्यांची सोनेरी किनार इतकी ठळक होते की कॅमेऱ्याचा स्वयंचलित फोकस हटकून तिच्यावर जाऊन बसतो आणि आपल्याला हवी असलेली उशी सोडून देतो. अशा वेळी फोकस हाताने बसवावा. वारा हा फुलांच्या छायाचित्रकाराचा हाडवैरी, परंतु फडा जाड आणि ताठ असल्यामुळे समुद्रवाऱ्यातही तो सहसा हलत नाही. मॅक्रोच्या एका मिलिमीटरच्या पट्ट्यात काम करणाऱ्यास ही केवढी सवलत आहे, हे जास्वंदीच्या फुलामागे सकाळ घालविणाऱ्यासच कळेल.

मोबाईलवर छायाचित्रे काढणाऱ्यांची संख्या आज इतरांहून कितीतरी मोठी आहे, तेव्हा त्यांची तक्रारही ऐकली पाहिजे. मोबाईलच्या मुख्य भिंगाची नाभीय लांबी पाच-सात मिलिमीटरच्या आसपास आणि सेन्सर नखाएवढा. त्यामुळे साधारण अंतरावर त्यात जवळजवळ सारेच स्पष्ट येते. ही उणीव भरून काढण्यासाठी पोर्ट्रेट मोडमध्ये यंत्र स्वतःच अंदाज बांधते आणि मागचा भाग गणिताने धूसर करते. माणसाच्या चेहऱ्यावर हे बरे जमते, काट्यांवर जमत नाही. काटा कोठे संपतो आणि हवा कोठे सुरू होते हे यंत्राला उमगत नाही, आणि अर्धा काटा मागच्या धुक्यात बुडून जातो. त्यापेक्षा तो मोड बंद ठेवावा, भिंग फोकस धरील तितके जवळ जावे, स्क्रीनवर हव्या त्या उशीला बोट लावावे आणि मागची वस्तू दूर राहील अशी तजवीज करावी. जवळून काढलेल्या चित्रात मोबाईलचाही धूसरपणा खरा असतो.

घरातल्या निवडुंगांपैकी एक असा आहे की ज्याला कोणी निवडुंग म्हणत नाही. पावसाळ्यातील एखाद्या रात्री शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून, उदबत्ती लावून आपण ज्याचे फूल उमलताना पाहतो, ते कुंडीतले ब्रह्मकमळ मेक्सिको व मध्य अमेरिकेकडील झाडांवर वाढणारे कॅक्टस आहे. हिमालयातील ब्रह्मकमळाशी त्याचे कोणतेही नाते नाही. त्याची पाने म्हणून आपण जी दाखवितो ती चपटी झालेली खोडे आहेत, म्हणूनच फूल 'पानाच्या' कडेतून निघते. त्याचे छायाचित्र घेणे कठीण. रात्रीची वेळ, अपुरा प्रकाश, त्यामुळे छिद्र उघडण्याकडे ओढा. आणि फूल तर बाहेरच्या पाकळ्यांपासून पुढे आलेल्या पुंकेसरांपर्यंत वीतभर खोल. चार सेंटिमीटरच्या पट्ट्यात ते मावणे शक्य नाही. पुंकेसरांच्या झुंबराबाहेर चांदणीसारखा फाकलेला जो स्त्रीकेसर असतो त्यावर फोकस ठेवावा, पाकळ्यांना मऊ होऊ द्यावे, वरचा झगझगीत दिवा मालवून बाजूने पडद्याआडचा एखादा दिवा ठेवावा, आणि मागे जमलेल्या मंडळींचे चेहरे अंधुक का होईना येऊ द्यावेत. सकाळपर्यंत फूल मान टाकते. लोटांगण घालूनही दुसरी संधी मिळत नाही.

व्यवहाराच्या चार गोष्टी सांगून हा लेख आटोपतो. आपल्याकडच्या दमट हवेत भिंगाच्या काचेवर बुरशीचे जाळे चढते, म्हणून पावसाळ्यात कॅमेरा चामडी पिशवीत कोंडून न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि अधूनमधून उन्हात काढावा. किनाऱ्यावरून आल्यावर खारे तुषार ओलसर मऊ कापडाने टिपण्यात हयगय करू नये. किल्ला हे पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे, तेव्हा तिपाई लावायची असल्यास परवानगीची चौकशी आधी करावी. थोराच्या किंवा शेराच्या झुडपात शिरताना फांदी मोडू नये. त्यांचा चीक कातडीला भाजतो आणि डोळ्यात गेल्यास गंभीर इजा करतो, आणि डोळा व्ह्यूफाइंडरला लावून वाकलेल्या माणसाचा चेहरा अशा फांदीच्या किती जवळ असतो हे सांगावयास नको. फड्या निवडुंगाचे लांब काटे दिसतात म्हणून टाळता येतात. घात करतात ती उशीतली बारीक कुसळे, कारण त्यांना उलट्या दिशेची सूक्ष्म दातेरी धार असते आणि ती नुसत्या स्पर्शाने गळून कातडीत रुततात. ती बोटाने चोळू नयेत. चिमट्याने काढावीत, आणि चिमट्यात न सापडणारी चिकटपट्टी दाबून उचलावीत.